मोकळ्यावर साफ करा

तुम्ही हसाल, हसा. पण मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, उल्हासनगरमधल्या माझ्या दुकानात जे घडलं त्यात मी एक शब्द वाढवलेला नाही.

मी सदू. कॉम्प्युटर रिपेअर करतो. बदलापूरचे हिंदुराव काका त्यांच्या वारलेल्या बायकोचा कॉम्प्युटर देऊन गेले होते. दोन वर्षं पडून होता. चालू केला की गरम होऊन बंद पडायचा.

"सदूभाऊ, बाहेर मोकळ्यावर साफ करा हं," जाताना एवढंच म्हणाले.

मी मान डोलावली आणि विसरलो. मी मोठा शहाणा ना!

त्या दिवशी बाजार बंद होता. सुट्टीला दुकान उघडं दिसलं की असोसिएशनवाले कटकट करतात, म्हणून आम्ही शटर पाडून आत काम उरकतो. मीही पाडलं.

कॅबिनेट उघडलं. पंख्यावर बोटभर धूळ. ब्लोअर मारला आणि दुकानभर राखाडी धुरळा झाला.

आणि... कुणीतरी खोकलं.

ब्लोअर बंद केला. दुकानात मी एकटाच होतो.

पुन्हा खोकला. बाईचा. श्वास पुरत नसल्यासारखा...

मी शटरकडे धावलो. रोज एका हाताने उचलतो ते शटर हलेना. माझाही श्वास कोंडायला लागला. मी दोन्ही हातांनी शटर बडवलं.

"उघडा! कुणी आहे का?"

तेवढ्यात...

माझ्या डाव्या कानाजवळ आणखी कुणीतरी शटर बडवायला लागलं. आतून. बांगड्या वाजत होत्या.

मी तिकडे बघितलं नाही. डोळे मिटून बडवत राहिलो. तीही बडवत राहिली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेजारचे लछमनशेठ माल न्यायला आले होते, त्यांनी बाहेरून शटर उचललं. सहज वर गेलं.

"अरे सदू, अंदर लेडीज कौन है? चूड़ियां बज रही थीं."

आत कुणीच नव्हतं.

संध्याकाळी काकांना फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं.

"तिला दमा होता," ते म्हणाले. "धूळ घरभर नको म्हणून दार लावून कॉम्प्युटर साफ करायची. त्या दिवशी कडी अडकली. मी बाहेरच्या खोलीतच होतो रे... टीव्हीचा आवाज मोठा होता."

कॉम्प्युटर ते घेऊन गेले. मी आता धूळ रस्त्यावर नेऊनच काढतो. रोज शटर पाडण्याआधी बाजूला उभा राहतो आणि म्हणतो, "काकू, निघा आता."

काल विसरलो. कुलूप लावून वळलो आणि...

आतून बांगड्या वाजल्या.

खोटं कशाला बोलू? कुलूप काढायची हिंमत झाली नाही. तसाच घरी आलो आणि टीव्ही मोठा केला.