आईच्या शेजारची खुर्ची

पटलं नाही तर सोडून द्या. मी कुणाच्या गळी उतरवायला हे लिहीत नाहीये. पण घडलंय ते माझ्या डोळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, माझ्या माहेरच्या घरात. गेल्या जानेवारीत, लागोपाठ तीन रविवारी. वेळ दुपारची, जेवणं आटोपून जरा लवंडायची.

आधीच सांगून ठेवते. आमचं घर बाबासाहेबांना मानणारं. भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं काही आमच्याकडे चालत नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा दिवा न लावताच मला त्या खोलीत घेऊन जायचे. म्हणायचे, "दाखव बरं मले, कोठी आहे भूत?"

त्याच बाबांची ही गोष्ट आहे.

बाबांचं नाव टिकाराम. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, आता रिटायर आहेत. आई, कमला, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा एकटेच. मी भिलाईतच, जुनवानीला राहते, घरीच शिवणकाम करते. माझ्याकडे चला म्हणून किती वेळा मागे लागले, पण ऐकतील तर शपथ.

त्यांना सोबत टीव्हीची. त्यातही एकच चॅनल, सरकारी. दुपारी त्यावर जुनी रेकॉर्डिंग लागायची. कधी सतारीची मैफल, कधी धरणावरचा माहितीपट, कधी हास्य कविसंमेलन. सतारीतलं बाबांना ओ की ठो कळत नाही, पण मान मात्र अशी डोलवतात, जणू काही शिकूनच आलेत.

दुसरी सोबत मारोतकाकांची. दोन घरं सोडून राहायचे. नोकरीभर एकाच क्रेनवर दोघांची पाळी. बाबा उतरले की काका चढायचे.

त्या पहिल्या रविवारी मी भरली वांगी घेऊन गेले होते. बाबा जेवत होते. टीव्हीवर बाई म्हणाली की आता पाहूया भिलाईतलं एक जुनं हास्य कविसंमेलन.

बाबांचा घास हातातच राहिला.

"सुजा... हे तेच होय. तुह्या मायवालं."

त्या कार्यक्रमाची गोष्ट आमच्या घरात पाठ होती. छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची. प्लांटच्या कामगारांसाठी मैदानात मांडव घातला होता, टीव्हीवाले शूटिंगला येणार होते. आई दुपारपासून जाऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर बाबांचा चौकटीचा दुपट्टा टाकून तिने जागा धरली. बाबांची पहिली पाळी होती. दोनला सुटायचं, आंघोळ करायची आणि थेट मांडवात यायचं, असं ठरलेलं.

बाबा आलेच नाहीत.

कारण मारोतकाका क्रेनवर आले नाहीत. प्लांटमध्ये रिलीव्हर आल्याशिवाय खाली उतरता येत नाही. तुम्हाला भूक लागो, ताप येवो, दुसरा माणूस वर चढून सुट्टी देईपर्यंत जागा सोडायची नाही. बाबांना डबल ड्युटी पडली. रात्री दहाला उतरले.

आणि मारोतकाका कुठे होते? त्याच मांडवात. मागच्या रांगेत बसून पोट धरून हसत होते. आईने त्यांना पाहिलं आणि सगळं समजली. पुढे कितीतरी महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. ते घरी आले की चहा द्यायची, पण बिनसाखरेचा.

तर तो कार्यक्रम लागला. कवी काहीतरी बोलला, मांडव हसला, कॅमेरा माणसांवरून फिरला.

आणि आई दिसली.

तरुण. केसांत अबोली. हसताना तोंडावर पदर धरलेला. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर दुपट्टा.

मी रडले. बाबाही रडले, पण डोळ्यांत तिखट गेलं म्हणाले. वांग्याचं तिखट, म्हणे. आईचं हसणं त्या सगळ्या आवाजातही वेगळं ओळखू येत होतं. हसून झालं की तिला शेवटी एक उचकी लागायची. तीसुद्धा ऐकू आली.

एवढंच. त्या दिवशी भीती वगैरे काही नव्हती, उलट बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच कार्यक्रम लागला. सरकारी चॅनलवर एकच गोष्ट परत दाखवतात, त्यात नवल नाही. या वेळी मारोतकाकाही येऊन बसले होते. बाबा त्यांना चिडवत होते.

"पाय बे, मागं कोठीतरी तूबी दिसशीन. दात काढून राहिला असशीन."

"किती वर्सं ऐकवतं गड्या," काका म्हणाले. "आता तं सोड."

कॅमेरा फिरला. आई आली.

आई हसत नव्हती...

मांडवातले सगळे हसत होते. ती मान वळवून एका बाजूला पाहत होती, जिथून माणसं आत यायची तिकडे. आणि खुर्ची...

खुर्चीवर दुपट्टा नव्हता. घडी घालून तो तिने मांडीवर घेतला होता.

"हा दुसरा शॉट असन," मी म्हणाले. "मागच्या वेळी हा कापला असन."

मी रिमोट उचलून आवाज बंद केला. मला तो नको झाला होता.

मांडवाचं हसणं थांबलं. कवीचा आवाज थांबला.

एका बाईचं हसणं चालूच राहिलं...

टीव्हीतून नाही. कुठून, ते मला आजही सांगता येणार नाही. खोलीतच होतं, इतकं खरं. हळूहळू कमी झालं. मग एक उचकी. मग काहीच नाही.

मारोतकाका भिंतीला टेकले होते. कपाळावर घाम. जानेवारीत.

बाबा मात्र शांत होते. त्यांचं ते शांत असणंच मला सगळ्यात जास्त लागलं.

"जागा खाली केली तिनं," ते म्हणाले. "माह्यासाठी. इतके दिवस धरून बसली होती, आता म्हणते, ये."

"बाबा, काहीतरीच नका बोलू. टीव्ही आहे तो."

"टीव्हीच आहे न. मी कोठी नाई म्हनतो?"

काका एकदम उठले. चप्पल न घालताच निघाले. दारात थांबून म्हणाले, "टिकाराम, तिचा गुन्हेगार तं मी हावो. तू कावून जाशीन?"

बाबा हसले. "तुले कोन बोलावून राहिलं?"

तो आठवडा माझा कसा गेला, माझं मला ठाऊक. मशीनवर बसले की धागा तुटायचा. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. दिवसातून चार वेळा बाबांना फोन करायचे. ते नीट बोलायचे, नीट जेवायचे. एकदा म्हणाले, "माह्या पांढऱ्या शर्टाले इस्त्री करून आनतं का? रविवारी लागते."

आई गेली, आता बाबाही... आणि तेही असे, तयार होऊन, खुशीने. मला ते चालणार नव्हतं. मला बाबा हवे होते. माझ्या नवऱ्याला, सुशीलला, सांगितलं. तो म्हणाला, "अरे यार, उस दिन उनको इधर ले आ, बात खतम." तो छत्तीसगडी, शांत डोक्याचा. त्याला वाटलं, म्हातारपणातला हट्ट आहे.

बाबा आले नाहीत. मग मीच गेले, सकाळीच.

ते दाढी करून बसले होते. मी इस्त्री केली नाही म्हणून त्यांनी शर्ट उशीखाली दाबून सरळ केला होता. पायात मोजे. मी टीव्हीची वायर काढली. त्यांनी ती परत लावली. मी पुन्हा काढली. तेव्हा ते लहान मुलासारखे माझ्याकडे पाहून म्हणाले, "एकदा पाहू दे न, पोरी. मी काई करून राहिलो का?"

काय करणार. वायर लावली. त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मनात म्हटलं, न्यायचं असेल तर माझ्या हातातून ओढून न्यावं लागेल.

मारोतकाका त्या दिवशी आले नाहीत. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. तोच कवी. तोच मांडव.

बाबांचा हात गार पडत चालला होता... मी तो चोळत होते. त्यांचे डोळे मिटायला लागले होते. मी हाका मारत होते. "बाबा, माझ्याकडे पाहा. बाबा."

मांडव हसला. कॅमेरा फिरला.

आई दिसली.

आणि शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं.

म्हातारा माणूस. त्या सगळ्या जुन्या, तरुण चेहऱ्यांत एकटाच म्हातारा. पांढरे केस, खाली मान, गुडघ्यांवर हात. अवघडून बसलेला, जसं परक्याच्या घरी बसतात.

मारोतकाका.

अंगात निळसर बुशशर्ट. खिसा उजव्या बाजूला, कारण काका डावखुरे होते. तो शर्ट मी शिवला होता. दिवाळीत. या गेल्या दिवाळीत.

आई त्यांच्याकडे पाहत होती. रागाने नाही. पण हसतही नव्हती.

बाबांच्या हातात एकदम ऊब आली. त्यांनी डोळे उघडले, टीव्हीकडे पाहिलं, आणि माझा हात झिडकारून उभे राहिले.

"तो कावून बसला तिथं?"

तेवढ्यात बाहेरून रत्नमालाकाकूंचा आवाज आला. मारोतकाकांची बायको. त्या बाबांच्या नावाने हाक मारत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी बाबांचं नाव घेतलं नव्हतं.

आम्ही धावलो.

काका अंगणात खुर्चीवर बसले होते. निळसर शर्ट, खाली मान, गुडघ्यांवर हात. पायात प्लांटचे जड सेफ्टी बूट. रिटायर झाल्यापासून ते बूट माळ्यावर पडून होते.

गेले होते.

काकूंनी मला नंतर सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतः माळ्यावरून बूट काढले, पुसले. काकूंनी विचारलं, आता कुठे? तर म्हणाले, "टिकारामले सुट्टी देऊन येतो. लय उशीर झाला."

डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले. असेलही. वय झालं होतं.

सुशीलने त्या दुपारी जुनवानीच्या घरी तोच कार्यक्रम लावला होता. मला दाखवायला मोबाईलवर थोडा शूट करून ठेवला होता, की बघ, काही नसतं. मी पाहिला. आई पदर धरून हसत होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. दुपट्टा जिथल्या तिथे होता.

मी तो व्हिडिओ पुसून टाकला.

काका गेल्यावरच्या बुद्धवंदनेला सगळा कॅम्प आला होता. बाबा एका कोपऱ्यात बसून होते. रडले नाहीत. त्याच आठवड्यात मी त्यांना जुनवानीला घेऊन आले, या वेळी काही न बोलता आले. आमच्याकडे ते चॅनल मी काढूनच टाकलंय.

मला वाटलं, सुटलो. वाईट वाटायचं काकांचं, काकूंकडे पाहवायचं नाही. पण माझे बाबा माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होते. मी तेवढ्यावर खुश होते. खोटं कशाला बोलू.

बाबा मात्र खुश नाहीत. दुपार झाली की चुळबूळ सुरू होते. उठतात, बसतात, दारापर्यंत जातात, घड्याळ पाहतात. मला आधी वाटलं, काकांची आठवण येते. परवा मी जवळ बसून म्हणाले, "बाबा, काका तुमच्यासाठी गेले. तुमाले जगवून गेले. आता तरी मनावरचं काढा."

"गेला न," ते म्हणाले. "माह्या जागेवर बसला आहे बिचारा. तुही माय त्याच्यासंगं बोलतबी नसन."

त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"पन शिफ्ट आठ घंट्याची असते, सुजा. मंग त्याले सुट्टी कोन देईन?"



आज रविवार आहे. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी पांढरा शर्ट मागितला. मी शोधते म्हणाले, आणि त्यांचे असतील नसतील तेवढे सगळे शर्ट बादलीत भिजत घातले. बाबा आयुष्यात कधी बनियनवर दाराबाहेर गेलेले नाहीत. आता ते बनियनवरच माझ्यासमोर बसलेत, मी हे लिहितेय, आणि ते मधून मधून विचारतात, शर्ट वाळले का म्हणून.