यादीच्या तळाचं नाव

“ही यादी लिहिताना तुझा हात थरथरला नाही का गं, ताई?”

प्रतीक्षाचा आवाज घरभर घुमला आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या हातातल्या कागदाचे तुकडे होऊन ओट्यावर विखुरले. यशोधरा भाकरी थापता थापता उठून दारात आली होती, ती तिथंच थिजली! पिठानं माखलेले हात तसेच, ओठांवर आलेलं उत्तर तसंच... आणि समोर तिनं आईच्या मायेनं वाढवलेली धाकटी बहीण डोळ्यांतून आग ओकत उभी!

दोन हजार दोन सालचा जून महिना होता. बारावीचा निकाल लागला होता, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचाही लागला होता. वारूळवाडीच्या बौद्धवस्तीत इतके गुण याआधी कुणी मिळवले नव्हते. वडील बाजीराव एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी वस्तीत पेढे वाटले होते आणि भेटेल त्याला सांगितलं होतं, की आमची प्रतीक्षा आता डॉक्टर होऊनच घरी येणार. आता फक्त कॉलेजांची नावं पसंतीनं लिहून द्यायची होती. प्रतीक्षानं तीनच नावं लिहिली होती. दोन मुंबईची, एक पुण्याचं. तिन्ही सगळ्यात मोठी.

यशोधरेला मात्र चैन पडेना. अंगणवाडीतून रजा काढून ती पुण्याला गेली, गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात कुठल्या कॉलेजचा प्रवेश किती गुणांवर थांबला ते विचारत फिरली. तीन नावांतलं एकही प्रतीक्षाच्या गुणांत बसत नव्हतं! मग तिनं त्या तीन नावांखाली मिरज लिहिलं, सोलापूर लिहिलं, अंबाजोगाई लिहिलं. आणि त्याही खाली, पशुवैद्यकीयचा फॉर्म वेगळा भरावा लागणार असला तरी, शिरवळ, परभणी आणि अगदी तळाला उदगीर.

“आबा, वरची नावं मी खोडली नाहीत हो,” ती कशीबशी म्हणाली. “ती वरच आहेत. फक्त खाली आणखी थोडी...”

“खाली!” बाजीराव खाटेवरून उठले. “आपल्या मान्सांनी आधीच लई खाली बघितलंय, यशोधरा! बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ही पोर शिकली. तिला आता तरी वर बघू दे की! आन तू घरातलीच असून तिला म्हशीचं श्याण दावतीस?”

“तिला जमलं नाही ना, आबा,” प्रतीक्षा थंड स्वरात म्हणाली, “म्हणून मलाही जमू नये असं वाटतंय तिला.”

यशोधरेच्या काळजात चर्र झालं! ज्या ओठांना तिनं घास भरवले त्याच ओठांतून हे शब्द यावेत...?

तिला जमलं नव्हतं, हे खरंच होतं. दहा वर्षांपूर्वी तिचाही निकाल असाच लागला होता. नर्स व्हायचं तिच्या मनात होतं. आबा तेव्हाही म्हणाले होते, पुण्याचं सरकारी कॉलेज सोडून दुसरं नावच नको. तिनं एकच नाव लिहिलं, आणि ते लागलं नाही. “फुडल्या वर्सी बघू,” आबा म्हणाले. पण पुढच्या वर्षी आई, द्रौपदा, काविळीनं अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. परकरातली प्रतीक्षा रोज संध्याकाळी दाराशी बसून आई कधी येणार म्हणून विचारायची, आणि तिला पोटाशी धरून बसता बसता यशोधरेचं ते पुढचं वर्ष कधी उगवलंच नाही. हे सगळं आज बोलून दाखवावं असं तिला वाटलं... पण दिलेल्या मायेचा हिशेब मागायचा? छे! तिनं पदरानं डोळे टिपले आणि ती चुलीकडे वळली.

सकाळी मात्र ती पशुवैद्यकीयचा फॉर्म घेऊन बहिणीपुढं उभी राहिली.

“मेडिकलच्या फॉर्मात तुला हवं तेच लिही. मी एक अक्षर बोलणार नाही. पण यावर तेवढी सही कर, प्रतू. आजवर तुझ्याकडं काही मागितलं का मी?”

प्रतीक्षानं सही केली. पेन ठेवताना म्हणाली, “ही तुझी यादी आहे. माझी नाही.”

घडायचं तेच घडलं. मोठ्या कॉलेजांच्या तिन्ही दारांवरून प्रतीक्षाचं नाव परत आलं. तिच्याच वर्गातली, तिच्याहून कमी गुणांची एक मुलगी अंबाजोगाईला लागली. ते कळलं त्या दिवशी प्रतीक्षा जेवली नाही. ताईचं खरं ठरलं, याचाच तिला सर्वांत जास्त राग आला! आणि पावसाळा सरता सरता पत्र आलं ते उदगीरचं.

“ढोरांची डॉक्टर!” बाजीरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई! काय नको जायाला. घरी बस, अभ्यास कर. फुडल्या वर्सी...”

“आबा!”

बाजीराव दचकले. यशोधरेनं त्यांच्यापुढं असा आवाज कधीच चढवला नव्हता.

“पुढच्या वर्षी हा शब्द माझ्यासमोर काढू नका. त्या शब्दाची वाट बघत एक जन्म गेला या घरात. ती उदगीरला जाणार. मला तुम्ही काय बोलायचं ते बोला... ती जाणार!”

आबा आणि प्रतीक्षा, दोघांपैकी कुणीच पुढं तिच्याशी धड बोललं नाही. नारायणगावच्या स्टँडवर बस सुटताना यशोधरा खिडकीखाली उभी होती, दशम्यांचा डबा वर धरून. प्रतीक्षानं डबा घेतला, पण नजर वळवली नाही. बस पुलापलीकडं दिसेनाशी झाली तरी यशोधरा हात वर करून तशीच उभी होती...

वर्षं गेली. प्रतीक्षा सुट्टीत यायची, आबांशी हसायची, ताईशी कामापुरतं बोलायची. यशोधरा तेवढ्यावरही तृप्त होती. आणि अशात, तिशी ओलांडल्यावर, तिच्या आयुष्यात एक कोवळं ऊन उतरलं. घोडेगावचे प्रबुद्ध मास्तर तिला पाहायला आले. आश्रमशाळेत शिकवायचे, बोलणं मृदू. जाताना म्हणाले, “मला नोकरीवाली नको, न् बिननोकरीची नको. तुम्ही हव्यात.” त्या एका वाक्यानं तिच्या मनात केवढं तरी चांदणं पसरलं! तारीख ठरली. बौद्ध लग्नातली पांढरी साडी आली. उदगीरला फोन गेला, तेव्हा प्रतीक्षासुद्धा क्षणभर विसरून जुन्या आवाजात म्हणाली, “खरंच, ताई?”

लग्न तोंडावर आलं असताना बाजीराव कामावरून आले आणि ओट्यावरच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना उचलून बसवायचं, भरवायचं, सगळं दुसऱ्याच्या हातानं. आणि त्याच आठवड्यात प्रतीक्षाची तिसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू होणार होती!

प्रबुद्ध धावत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं उभी होती.

“लग्न पुढं ढकलू,” ते म्हणाले. “मी थांबेन.”

“तुम्ही थांबाल हो,” यशोधरा खाली मान घालून म्हणाली. “पण तुमच्या आईंना दिसत नाही, चुलीशी आजच कुणीतरी हवंय. न् आबांना मी किती वर्षं सोडू शकणार नाही, ते डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत.”

“मग बहिणीला बोलवा. तिचंही कर्तव्य आहेच की!”

“नको!” ती कळवळून म्हणाली. “ती आली तर राहील. एकदा राहिली की परत जाणं होत नाही, मास्तर... मला ठाऊक आहे ते. तुम्ही दुसरीकडं बघा. आणि तिला यातलं काही कळू देऊ नका. माझी शपथ आहे तुम्हाला!”

प्रबुद्धांचे डोळे भरून आले. मग त्यांनी हात जोडले आणि पाठमोरे झाले. त्यांची आकृती फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं हुंदका आवरून धरला, आणि मग भिंतीला टेकून ती खाली बसली!

फोनवर ती प्रतीक्षाला एवढंच म्हणाली, “आबांना जरा बरं नाही, काळजी करू नको, पेपर दे. आणि... लग्न मोडलं.”

“का?”

“नाही जमलं.”

मग प्रतीक्षाचा आवाज आला, “तुला कधी काही पूर्ण मागताच आलं नाही, ताई.”

यशोधरेनं रिसीव्हर हळूच ठेवला.

परीक्षा संपवून प्रतीक्षा आली, आबांची अवस्था पाहून तिनं आकांत मांडला. आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून ती ताईवर तुटून पडली. यशोधरा “चुकलं माझं” एवढंच म्हणत राहिली. खाटेवरचे बाजीराव डावा हात हलवून काहीतरी सांगू पाहत होते, पण तोंडातून निव्वळ घोगरा आवाज निघत होता, आणि डोळ्यांतून धारा...

पुढं प्रतीक्षा पदवी घेऊन नोकरीची परीक्षा पास झाली आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झाली. नेमणूक मिळाली ती आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या भातशेतीच्या गावांत. पण वारूळवाडीत मुक्कामाला ती क्वचितच यायची.

दोन हजार आठच्या श्रावणातली एक दुपार. यशोधरा अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होती. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली, तर प्रतीक्षा! सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, केस विस्कटलेले.

“अगं, काय झालं? पडलीस का कुठं?”

“प्रबुद्ध सर भेटले,” प्रतीक्षा म्हणाली.

यशोधरेच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

“त्यांची गाय आजारी होती, म्हणून गेले होते. मला काय माहीत घर कुणाचं ते! आडनाव ऐकून त्यांनी विचारलं... वारूळवाडीच्या यशोधराबाई तुमच्या कोण? मी म्हटलं, बहीण. तर ते म्हणाले, मग झालात तुम्ही डॉक्टर. बरं झालं. त्यांचं ते बोलणं माझ्या जिवाला लागलं, ताई! मी खोदून खोदून विचारलं. त्यांची बायको, लहान मुलगी समोर उभ्या... ते गप्पच. शेवटी त्यांची आंधळी आईच म्हणाली, ‘आगं बाई, तुझं शिक्शान सुटू नये म्हनून तिनं माजा लेक सोडला!’”

प्रतीक्षा तिथंच, मुलांच्या पंगतीत, गुडघ्यांवर बसली आणि तिनं ताईचे पाय घट्ट धरले.

“मी तुला काय काय बोलले गं! तुला मागता येत नाही म्हटलं! अगं, तू मागितलंस ते सगळं माझ्यासाठीच... मार मला, ताई! एकदा तरी मार!”

“वेडी कुठली!” यशोधरेनं तिला उठवून छातीशी कवटाळलं. इतक्या वर्षांचा बांध फुटला आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या. भोवतालची मुलं घास हातात धरून बावरून बघत राहिली.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. बाजीरावांची वाचा आता थोडीफार परतली होती. प्रतीक्षाचा चेहरा पाहूनच त्यांना सारं उमगलं.

“मला... ठावं व्हतं,” ते अडखळत म्हणाले. “समदं ठावं व्हतं. मास्तर... हितं येऊन रडला. जीभ आली तवाच... तुला सांगाया पायजे व्हतं. न्हाई सांगितलं. लाज वाटली, पोरी. हिला मी... दोनदा आडवलं.” त्यांनी डावा हात कष्टानं उचलून यशोधरेच्या पायाकडं नेला.

“आबा, हे काय करताय!” तिनं तो हात वरच्यावर झेलला आणि स्वतःच्या गालाशी धरला.

“आता तुला काय पाहिजे, ताई?” प्रतीक्षानं हलकेच विचारलं. “माझी शप्पथ, खरं सांग.”

काय पाहिजे? यशोधरा गोंधळली. असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. गेलेली वर्षं परत मिळणार नव्हती, घोडेगावच्या घरात आता दुसरीचा संसार फुलला होता आणि तो फुलावा असंच तिला मनापासून वाटत होतं. ती विचार करत राहिली. मग लाजून म्हणाली, “तू काम करतेस ना, ते एकदा बघायचंय मला.”

रविवारी शेजारच्या चिमाबाईला आबांपाशी बसवून दोघी निघाल्या. डिंभ्याच्या पुढं बस सोडून भातखाचरांच्या बांधावरून चालत एका घराशी पोचल्या. सावळेराम नावाच्या शेतकऱ्याची गाय विताना अडली होती. प्रतीक्षा बाह्या सरसावून गोठ्यात शिरली आणि यशोधरा कुडाला धरून श्वास रोखून बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे! शेवटी ओलं, थरथरतं वासरू गवतावर आलं, गायीनं हंबरून त्याला चाटायला सुरुवात केली, आणि सावळेरामची बायको बायडाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

“डाक्टरीनबाई, लई उपकार झालं बघा! आन या पावण्या कोन म्हनायच्या?”

प्रतीक्षानं रक्तानं माखलेले हात बादलीत बुडवले.

“ही माझी ताई. हिनं मला डॉक्टर केलं.”

यशोधरा नेहमीसारखं “छे, छे, मी कसलं...” म्हणायला गेली. पण ते वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं. बायडाबाईनं चुलीवरचा चहा ओतून पहिली कपबशी तिच्या पुढ्यात धरली. यशोधरेनं दोन्ही हातांनी ती घेतली, आणि कुणाच्या आधी कधी न बसणारी ती, अंथरलेल्या घोंगडीवर सगळ्यांच्या आधी बसली.