येळवसेच्या रात्रीचं पीठ

बसा रे, बसा. लाईट आल्याशिवाय दळण होत नाही आणि लाईट कधी येईल ते तिचं तिलाच ठाऊक. पायल, तो डबा वाटेतनं बाजूला घे, अंधारात कुणीतरी अडखळेल. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही बरं का. ज्याच्यासोबत घडलं तो माणूस ह्याच पायरीवर उभा राहून माझ्याकडनं पीठ घेऊन गेला होता.

नेरूरकर म्हणून एक कादंबरीकार होता. तिकडं कोकणातला, कुडाळजवळच्या गावचा. दोन वर्षं आपल्या गल्लीत गिरिजाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहिला. माणूस वाईट नव्हता, पण भलता संशयी. दूधवाला पाणी घालतो, रिक्षावाला लांबून नेतो, खानावळवाला कालची आमटी गरम करून वाढतो, जिथं तिथं त्याला काळंबेरं दिसायचं. घरापासून इतक्या लांब एकटा राहिला की माणसाचं असं होतं म्हणा. सकाळी चहा घेऊन लिहायला बसायचा. दुपारी खानावळीत आपली कडक भाकरी बघून भाताच्या आठवणीनं उसासे टाकायचा. आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर कान टवकारून बसायचा. आपली बोली, आपली भांडणं, आपली गाऱ्हाणी गोळा करायची आणि माडीवर जाऊन कागदावर उतरवायची, हा त्याचा धंदा. हातानंच लिहायचा, सुट्या पानांवर. पानं उडू नयेत म्हणून वर गावच्या नदीतला एक गोटा.

टपरीवरच त्याला बजाबाई सापडली. ही बजाबाई पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याच माडीवर राहायची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, मांडीवर एक तान्हं पोर. एक दिवस ती नाहीशी झाली. गल्लीनं ठरवून टाकलं, पळाली. कुणाबरोबर, ते ज्यानं त्यानं आपल्या चवीनं तिखटमीठ लावून सांगितलं. पोराचं पुढं काय झालं, ते मात्र टपरीवर कुणी बोललं नाही. नेरूरकरानं गोष्ट उचलली, नावसुद्धा बदललं नाही, आणि शेवट केला: पाळण्यात पोर टाकून बाई पहाटेच्या एसटीनं निघून गेली. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपली की कादंबरी प्रकाशकाला द्यायची होती. दोन वर्षं घर सोडून राहिलेल्या माणसाची तीच काय ती कमाई.

आणि मग पानं हलायला लागली.

रात्री पानं नीट लावून, गोटा ठेवून तो झोपायचा. सकाळी गोटा बाजूला आणि शेवटचं पान सगळ्यात वर. पळून जाण्याचं पान. पहिल्यांदा म्हणाला, वारा असेल. पुन्हा झालं तेव्हा संशय थेट अभिमन्यूवर गेला. हा गिरिजाबाईंचा भाचा, खालीच राहायचा, हौशी नाटकं लिहायचा. नेरूरकराच्या मनानं घेतलं की हा रात्री वर येतो, शेवट वाचतो, आणि आपल्याआधी नाटक करून मोकळा होणार. त्यानं कुलूप बदललं, आतून कडी घातली. तरी सकाळी तेच.

शेवटी त्यानं गिरिजाबाईंनाच विचारलं. "तुमचा भाचा माझ्या खोलीत येतो का?"

"अभ्या? त्यो जिना बी चढत न्हाय वो. लहानपनापासनं भितोय."

"कशाला भितो?"

बाई शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "लिवा तुमी," म्हणाल्या, "पन त्या बाईचं नीट लिवा की." आणि सूप घेऊन आत गेल्या.

म्हणजे ह्यांनीही वाचलंय! नेरूरकराची खात्रीच पटली, सगळं घर सामील आहे.

परवाच्या सालची येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. गिरिजाबाई, अभिमन्यू, सगळे भज्जी-आंबील घेऊन मंद्रूपच्या शेतावर गेले, मुक्कामाला. अर्धी गल्ली अशीच रिकामी. नेरूरकराला वाटलं, घर रिकामं बघून अभिमन्यू शेतावरनं गुपचूप मागं फिरणार तर आजच. दिवेलागणीला माझ्याकडं आला.

"आप्पा, जोंधळ्याचं पीठ द्या किलोभर. बारीक."

"भाकऱ्या थापताय काय लेखकसाहेब?"

"छे. पाहुणा यायचाय," म्हणाला आणि गालात हसला.

रात्री त्यानं ते पीठ चाळणीनं फरशीवर पसरलं. दारापासून टेबलापर्यंत, पातळ, एकसारखं. अभिमन्यूचं पाऊल फताडं, ठसा उमटला की मान धरायची. एवढ्यात लाईट गेली. मग त्यानं एक पणती लावून पिठाच्या कडेला ठेवली आणि खाटेवर भिंतीला टेकून बसला.

पोरांनो, कुणी गेलं की दिवस घालताना आपल्याकडं रात्री काय करतात, ठाऊक आहे ना? पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात. सकाळी बघतात, गेलेलं माणूस येऊन गेलं का, पाऊल कसलं उमटलं. नेरूरकराला ह्याचा गंध नव्हता. चोर धरायला म्हणून त्यानं नेमकं तेच मांडलं. त्या माडीवर. अवसेच्या रात्री.

मध्यरात्र उलटली. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प.

त्याची नजर दारावर. कुलूप तसंच. कडी तशीच.

पणतीची ज्योत आडवी झाली. वारा नव्हता...

टेबलावरचा गोटा खाली आला. पडला नाही. कुणीतरी उचलून ठेवावा, तसा.

"कोण? अभिमन्यू?"

पान सरकलं. मग दुसरं.

त्यानं पिठाकडं पाहिलं. दाराशी काही नव्हतं. टेबलाशी... एक पाऊल. अनवाणी. लहान. बाईचं.

त्याच्यापुढं अजून एक. खाटेकडं वळलेलं.

अजून एक...

त्यानं पाय पोटाशी ओढून घेतले.

पणती विझली.

सकाळी गिरिजाबाई परतल्या तेव्हा हा जिन्यात बसून होता. बाई वर गेल्या. पीठ पाहिलं, पणती पाहिली, आणि तशाच जिन्यात परत आल्या.

"हे मांडायला कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही... मला चोर धरायचा होता."

"बजा माजी भावजय. ती पळाली न्हवती वो. तळ्याच्या काठाला तिची चप्पल मी माज्या डोळ्यांनी बगितली. पन भाऊ म्हनला, पळाली. त्याला तेच सोयीचं हुतं. मग पळालेल्या बाईचे दिवस कोन घालतंय? दिवा न्हाय, पीठ न्हाय. अन् अभ्या तिचं लेकरू. त्याला बी हेच सांगून वाढवलं, आई तुला टाकून गेली." बाईंनी पदर डोळ्याला लावला. "आता तुमच्या बुकात बी तेच छापलं, तर त्या पोराला कुनी समजावायचं? शेवट बदला की. पाया पडते तुमच्या."

नेरूरकर हो म्हणाला. अगदी शपथ घेऊन हो म्हणाला.

दुपारी पानं पिशवीत घालून गावाकडं निघाला, तेव्हा ह्या पायरीशी थांबून चपला झटकत होता. पुन्हा पुन्हा झटकत होता. रात्रीचं, सकाळचं सगळं त्यानं मला सांगितलं. मी विचारलं, "मग, बदलणार ना शेवट?"

त्यानं आधी मागं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आप्पा, पळालेली बाई लोक वाचतात. मेलेलीला कोण विचारतं?"

मला त्याचा राग आला, अजूनही येतो. पण गाडी निघायची होती, तो गेला.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. तिकडं तांदूळ खाणारी माणसं. जोंधळा त्यांच्या घरात नाही, वाडीत नाही, गिरणीत नाही. सकाळी त्याची आई केर काढायला वाकली आणि तिनं हाक मारली, "अरे, ह्या पीठ खयसून इला रे? तांदळाचा नाय ह्या."

उंबऱ्यापासून थेट त्याच्या टेबलापर्यंत. पिठाची पावलं. लहान. अनवाणी.

मी विचारलं, "आणि परत गेलेली?"

फोन कानाला धरूनच तो उंबऱ्यापर्यंत बघून आला.

"सगळी आत आलेलीच आहेत, आप्पा. बाहेर जाणारं एकही नाही."