ओल्या वहाणा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आजीचा मामा झुंबर स्वतः त्यात होता, आणि दरोडे सोडले तर त्या माणसानं कधी कुणाला फसवलं नाही.

साल १९३६. इंदापुरातली एक बँक. चैत्रातली भर दुपार, म्हणजे भुतांचीही झोपायची वेळ.

बिरदेवच्या टोळीनं तोवर बारामतीपासून इंदापूरपर्यंत पेढीवाल्यांची झोप उडवली होती. पण टोळीची रीत कडक. तिजोरीत लक्ष्मी असते, म्हणून वहाणा पायरीवर काढूनच आत जायचं. आणि बाहेर आल्यावर सरदारानं वहाणा घातल्याशिवाय बाकीच्यांनी घालायच्या नाहीत.

मग बिरदेव मेला. निरवांगीला, विहिरीत, पाय घसरून. एवढा नामचीन दरोडेखोर, पण टोळीला सांगायलाही लाज वाटायची.

त्याच्या वहाणा विहिरीतच राहिल्या.

त्यानंतरचा हा पहिला दरोडा. नवा सरदार अजून ठरला नव्हता. झुंबर, हिंदुराव आणि रामहरी, तिघं आत गेले. काम झालं. तिघं बाहेर आले...

पायरीवर चार जोड होते.

चौथा ओला. तापलेल्या दगडावर पाणी ओघळत होतं... आणि वाळत नव्हतं.

"बिरदेवच्या हायेत," हिंदुराव पुटपुटला.

"मेलाय त्यो," झुंबर म्हणाला.

"मेला म्हणून काय झालं? सरदार हाय. थांबाया लागल."

आणि हिंदुराव, रामहरी खरंच थांबले. बोचकी खांद्यावर घेऊन, अनवाणी, अदबीनं. कारकुनानं आतून डोकावून विचारलं, "काही राहिलंय का?"

लांब पोलिसांची शिट्टी वाजली.

आत, रिकाम्या तिजोरीपाशी, ओली पावलं वाजली.

चप्... चप्...

उंबऱ्यापाशी थांबली. दिसत कुणीच नव्हतं.

झुंबर खाली वाकला. त्यानं आपल्या वहाणा ओढल्या, पायात सरकवल्या.

"सरदार, जित्तेपणी तुमी कवा वेळेवर निघाला न्हाईत. तुमच्यापायी मी तुरुंगात जाणार न्हाय. मी चाललो. तुमी या सावकाश."

बाकीचे दोघं पायरीवरच धरले गेले. फौजदारानं वहाणा घालायला सांगितल्या, तर नाही म्हणाले. अनवाणीच येरवड्याला गेले. टोळी संपली.

झुंबर पळसदेवपर्यंत चालत गेला. पळाला नाही. मागं सारखं चप्... चप्... पण त्यानं त्या आवाजाला पुढं जाऊ दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि मरेपर्यंत नाही.

मामा गेल्यावर त्या आवाजाचं काय झालं, हे विचारलं की आजी विषय बदलते.

फक्त कुठूनही निघताना ती आम्हा सगळ्यांच्या आधी वहाणा घालते. आणि मागं न बघता म्हणते, "या तुमी सावकाश."

आम्ही सगळे तेव्हा तिच्या समोर उभे असतो...