उलटा कडुलिंब

खोलीत जमिनीवर आडव्या ठेवलेल्या मोठ्या कॅनव्हासवर आदल्या दिवशीपर्यंत एक चौकोनी विहीर होती, आणि विहिरीत मुळं आभाळाकडे करून वाढलेला कडुलिंब. आज सगळ्यावर शेणमातीचा थर होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात तो सर्वांत जाड होता.

सुवर्णा इंगळे चित्राशेजारी उकिडवी बसली. मलकापुरात ती खासगी तपासाची कामं घेई, बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. सोबत निवृत्त हवालदार गुलाबराव. चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते आधीच सांगून मोकळे झाले होते.

"हे अश्वजितचंच काम हाय," चित्रकार शंकरराव वानखडे म्हणाले. "बुलढाण्याच्या प्रदर्शनात त्याचे चित्रं मी नाही घेतले, म्हणून. संध्याकाळी ठाण्यात जातो मी."

अश्वजित त्यांचा शिष्य. खोलीची किल्ली त्याच्याजवळ असे. शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून तो लागणार होता. ठाण्यात नाव गेलं की नोकरी गेलीच.

सुवर्णानं आधी शंकररावांनाच बोलतं केलं. धामणगाव बढे या गावात ते दुकानांच्या पाट्या रंगवत, तेव्हापासून जमिनीवर आडवं ठेवून रंगवायची सवय. मग परदेशी स्वप्नचित्रांचं एक पुस्तक हाती लागलं, आणि लग्नानंतर हात असा सुटला की नाव मुंबईपर्यंत गेलं. परवा मोबाइलवर त्यांची मुलाखत आली, ती सगळ्या घरानं ओसरीत बसून ऐकली. "रात्री स्वप्नात पाहतो, सकाळी रंगवतो," असं ते त्यात म्हणाले होते.

गुलाबरावांनी आपलं सहज विचारलं, झोप कशी लागते?

"दगडावानी. बायकोच्या, जनकाच्या चहानंच जाग येते. मंग चुलीपाशी दोघं बसतो घटकाभर, अन् लागतो कामाले."

अश्वजितनं राग लपवला नाही, पण मातीला हात लावल्याचं साफ नाकारलं. भिंतीशी साधी झाडं, साधा बसस्टँड अशी काही चित्रं टेकवलेली होती. ती कधीची, असं सुवर्णानं विचारलं.

"जनकाकाकू लेकीच्या बाळंतपणाले गेल्या होत्या, तवाचे. सरांले काही सुचेच ना."

धाकटे भाऊ उकंडराव यांना ही खोली कापूस भरायला हवी होती. चित्रांना ते हसतच आले. "अशी चौकोनी विहीर हाय का कुठं गावात? वहिनीच्या माहेरी होती म्हणे. ते बी लग्नाआधीच बुजवली."

जनकाबाईंनी चहा दिला. अश्वजितनं हे केलेलं नाही, एवढंच त्या बोलल्या.

गुलाबरावांचा संशय उकंडरावांवर बसला होता. सुवर्णानं सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"अश्वजितला सूडच घ्यायचा असता, तर त्याच्या हाताशी ब्लेड होतं. उकंडरावांनी चित्र उचलून उकिरड्यावर टाकलं असतं. इथं लावलीय माती, ओल्या फडक्यानं निघणारी. म्हणजे चित्र मारायचं नव्हतं, झाकायचं होतं. आणि हात कसे फिरलेत पाहा. पलीकडच्या भिंतीपासून अर्धगोल, मागं सरकत, दाराशी शेवट. कुठं पाय पडलेला नाही. हे फासलेलं नाही, सारवलंय. जन्मभर सारवणारा हात रागातही तसाच चालतो."

गुलाबराव हळूच जनकाबाईंकडे वळले.

"दगडासारखं झोपणाऱ्याला स्वप्नं कुठली, शंकरराव?" सुवर्णानं विचारलं. " काकू लेकीकडे गेल्या की तीही बंद. आणि बुजलेली विहीर तुम्ही पाहिली कधी? रोज सकाळी चुलीपाशी कोण कोणाला काय सांगत होतं?"

शंकररावांची नजर जनकाबाईंकडे गेली.

"म्याच सारवलं," जनकाबाई म्हणाल्या. "तुम्ही ठाण्यात निघाले असते, तं दारातच सांगणार होती. इतके वर्स सांगत आली मी. वाटे, कवातरी म्हणतील, हे जनकाचं हाय. मुलाखतीत माहं नावबी नाही. माह्याच विहिरीत मले ढकललं तुम्ही."

अश्वजित ओलं फडकं घेऊन आला. ते त्याच्या हातून घेऊन त्या स्वतः चित्र पुसायला बसल्या. विहीर आली, मुळं आली, उलटा कडुलिंब आला. खालचा उजवा कोपरा मात्र त्यांनी मातीतच ठेवला. तिथं शंकररावांची सही होती.

शंकररावांनी सवयीनं विचारावं तसं विचारलं, "काल राती काही पाह्यलं?"

जनकाबाईंनी फडकं पिळलं.

"पाह्यलं," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्हाले नाही सांगत."