दवातली कोरडी जागा

नागोजीरावांनी पाव वाहायची जुनी मॅटॅडोर विकत घेतली, तेव्हा चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीनं बेकरी निघणार असं परस्पर ठरवून टाकलं. मग गाडीच्या पत्र्याला खिडक्या पडल्या, खिडक्यांना निळे पडदे आले, दाराशी पायऱ्या आणि धरायला दांडा बसला. एका रविवारी आत चक्क पलंग गेला, तेव्हा कुठं गल्लीच्या डोक्यात प्रकाश पडला. समोरच्या दुकानदारानं विचारलंच, की अण्णा, एवढं तीन खोल्यांचं घर सोडून चाकांवर संसार कशाला? नागोजीराव नुसते हसले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात फोरमन म्हणून त्यांची वर्षं गेली होती. लोखंडाशी ते तासन्‌तास बोलत, माणसांशी कामापुरतं.

गाडी बायकोसाठी होती, हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी लष्कराच्या लिलावात एक खाकी तंबू घेतला होता. तेव्हापासून महिन्यातून एखादा शनिवार-रविवार ते आणि गोजराबाई तंबूत काढायचे. कधी देवरायनदुर्गाच्या रानात, कधी कावेरीच्या काठावर. लग्नकार्यात गाठ पडली की नातेवाईक चिडवायचे, घर नाही का तुम्हाला म्हणून. पण चिडवणाऱ्यांचा पूर्वज तरी कुठं विमानातून उतरला होता? तीनशे वर्षांपूर्वी तो फौजेबरोबर घोड्यावरून आला आणि इथं तंबू ठोकून बसला, तो बसलाच. त्याचं कारणही घरात सांगत. तंबू ठोकण्याआधी घरातल्या बाईनं जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून सांगायचं, की आम्ही इतके जण आहोत, इतके दिवस राहू. निघताना सांगायचं, आता आम्ही जातो. माणसांचा निरोप घेताना ‘येतो’ म्हणावं, जमिनीला मात्र सरळ ‘जातो’ म्हणावं, कारण ती दिलेला शब्द धरून बसते. फौज निघाली त्या सकाळी पूर्वजाची बायको तेवढं सांगायला विसरली, पहिल्याच मुक्कामावर घोडा लंगडला, आणि घराणं बंगळुरात परतलं ते कायमचं. नागोजीरावांना ही सगळी भाकडकथा वाटे. गोजराबाईंना अर्धी वाटे, पण पाणी त्या न चुकता ओतायच्या.

पंच्याण्णवच्या जानेवारीत सावनदुर्गाच्या पायथ्याशी त्यांचा मुक्काम पडला होता. सकाळी तंबूतून वाकून बाहेर येताना गोजराबाईंच्या कमरेत असं काही भरलं, की त्या तिथंच कोसळल्या. ना उठता येईना, ना कुशीवर वळता येईना. नागोजीरावांनी काखेत हात घालून त्यांना उलटं ओढत रस्त्यापर्यंत नेलं. त्यांच्या टाचा गवतातून फरफटत गेल्या. दुधाची एक गाडी थांबली म्हणून निभावलं. तंबू तसाच उभा राहिला. आठवड्यानं नागोजीराव एकटेच जाऊन तो उतरवून आले. जमिनीचा निरोप घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर झोपणं विसरा, वाकणंही विसरा. पुढची जवळजवळ दोन वर्षं गोजराबाईंचं जग पलंग ते चूल एवढंच उरलं. कमरेला पट्टा, पाठीखाली फळी, फळीवर कापसाची गादी. त्या कुरकुर करत नसत, आणि नागोजीरावांना तेच जास्त लागायचं. बोलकी बाई हळूहळू गप्प होत चालली होती. खिडकीबाहेरचं येणारंजाणारं माणूसही तिला बघवेना. ही अशीच विझत जाणार, या धास्तीनंच त्यांनी गाडी घेतली आणि सहा महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस तिच्यात घातला. ओटा त्यांनी गोजराबाईंच्या कमरेची उंची मोजून केला. नळाला वाकावं लागणार नाही अशा बेतानं पाण्याची टाकी टपावर चढवली. गॅसची शेगडी, बॅटरीवरचा पंखा, सगळं उभ्या माणसाच्या हाताशी.

गोजराबाईंनी गाडी आतून पाहिली, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “एक फेरी येते. पाठीनं साथ दिली तर सरी, ठीक. नाही तर ही विकून टाका, आणि पुन्हा माझ्यापुढं रानाचं नाव काढू नका.”

शहाण्णवच्या नोव्हेंबरात ते देवनहळ्ळीजवळ, ओळखीच्या माणसाच्या चकोतऱ्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागेत गेले. संध्याकाळी गोजराबाईंनी उभ्यानं उप्पीट केलं आणि खुर्चीवर बसून खाल्लं. झाडांना डोक्याएवढाली फळं लोंबत होती. खिळाही ठोकायचा नव्हता, तेव्हा जमिनीला काय विचारायचं, असं म्हणून पाणी ओतायचं राहून गेलं. रात्री दोघांना गाढ झोप लागली.

सकाळी नागोजीराव दात घासत खाली उतरले. बागेभर दव पडलं होतं, चपला ओल्या होत होत्या. गाडीच्या दाराच्या बाजूला मात्र गवताचा एक चौकोन कोरडा ठणठणीत होता. वर झाड नाही, छप्पर नाही. फोरमनचा हात आपोआप खिशातल्या टेपकडे गेला. सात फूट बाय साडेसहा. त्यांनी पुन्हा मोजलं. तंबूचं माप त्यांना पाठ होतं, पण ते तोंडातून काढायला मन धजेना. इंजिनाच्या उबेनं दव सुकलं असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. इंजिन आदल्या दुपारीच बंद झालं होतं, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

तेवढ्यात बागेचा राखणदार आला. रात्री फाटकाशी आला तेव्हा त्याला गाडीशेजारी तंबू दिसला होता. तुमचे पाहुणे भल्या पहाटेच निघून गेले का, असं त्यानं कन्नडमध्ये सहज विचारलं. नागोजीरावांनी हो म्हणून टाकलं.

गोजराबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायचं होतं ते गोजराबाईंनीच सांगितलं: पाठ रात्रभर दुखली नव्हती. परतीच्या वाटेवर त्या सबंध वेळ बोलत होत्या, दोन वर्षांचं साठलेलं. घरी पोचल्यावर नागोजीराव शिडी लावून माळ्यावर चढले. तंबू गोणपाटात बांधलेला होता, गाठीवर कोळ्याचं जाळं होतं आणि जाळं शाबूत होतं.

डिसेंबरात कावेरीच्या काठी गेले. या खेपेला गोजराबाई आधी उठल्या, आणि नागोजीराव जागे झाले तेव्हा त्या दारातल्या पायरीवर उभ्या राहून खाली बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं बोट दाखवलं.

तोच चौकोन, पण आता कडेला भोकं होती. आठ भोकं, प्रत्येकाला सहा कोपरे. नागोजीरावांनी तंबूच्या मेखा कारखान्यातल्या षटकोनी सळईच्या तुकड्यांतून स्वतः केल्या होत्या. अशा मेखा बाजारात मिळत नाहीत. भोकातली माती ओली आणि ताजी होती. चौकोनाच्या आत गवत दोन ठिकाणी दबलं होतं, एक खळगा लांब, एक आखूड. आखूड खळग्यापासून दोन चर निघाले होते. मध्ये वीतभर अंतर ठेवून ते वाळूच्या वाटेपर्यंत गेले होते आणि तिथं संपले होते.

गोजराबाई पायऱ्या उतरल्या. चरांच्या कडेकडेनं वाटेपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग आखूड खळग्यापाशी त्या उकिडव्या बसल्या.

दोन वर्षांत त्या अशा बसल्या नव्हत्या. नागोजीराव धावले, पण त्यांनी हातानं थांबवलं आणि तळवा खळग्यात टेकवला.

“ऊब आहे अजून,” त्या म्हणाल्या.

त्यांना उठायला हात लागला नाही. हे बघून नागोजीरावांना एकाच वेळी रडू यावं आणि पळावं असं वाटलं. चहा करून ते दोघं गाडीच्या दुसऱ्या बाजूला, नदीकडे तोंड करून प्याले.

घरी आल्यावर गोजराबाईंनी आपणहून पट्टा सोडला. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून दोनदा पाहिली. असं होत नाही, पण झालंय खरं, असं त्यांनी कबूल केलं. गल्लीत पेढे वाटले गेले. नागोजीरावांना मात्र झोप लागेना. आठव्या दिवशी ते म्हणाले, आपण सावनदुर्गाला जाऊ. तू पाणी ओत, जातो म्हण, आणि राहिलेलं एकदाचं पुरं कर. भाकडकथा म्हणणारा माणूस हे म्हणतोय, याची थट्टा करायचंही गोजराबाईंना सुचलं नाही. त्या बरं म्हणाल्या.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, दिवस मावळायला तास असताना, ते त्याच जागी पोचले. समोर सगळा डोंगर म्हणजे एकच उघडा काळा दगड, त्याच्यावर ऊन पिवळं पडलेलं. रस्त्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. गाडी उभी करून नागोजीरावांनी तांब्या भरून दिला.

गोजराबाई तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

“मी जातो म्हटलं, तर ती कुठं जाईल?” त्यांनी विचारलं.

नागोजीराव चाकाला दगड लावायला वाकले होते, ते सरळ झाले.

“तिची पाठ अजून धरलेली आहे. त्या दिवशी तुम्ही मला ओढत नेलं, आणि ती इथंच राहिली. रोज पहाटे तुम्ही तिला ओढताय. माझं दुखणं डॉक्टरनं नाही घेतलं, तिनं ठेवून घेतलंय.”

“म्हणून तर म्हणतो, निरोप घेऊन टाक.”

“निरोप घेतला, की दुखणं घेऊन ती येणार माझ्याकडेच. आणि मला तेवढ्याचंच भय नाही हो. तिला असं टाकून सुटायचं, हे मला नाही बरं वाटत.”

त्यांनी पाणी ओतलं. माती गडद झाली, पाणी आत गेलं.

“अक्का,” त्या जमिनीला म्हणाल्या, “आम्ही चौघं आहोत.”

नागोजीरावांनी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

मग गोजराबाई गाडीत चढल्या आणि पलंगावरची आपली गादी ओढू लागल्या. तुला काय राहील, असं नागोजीरावांनी विचारलं. मला आता फळी पुरते, त्या म्हणाल्या, घोंगडं आहे. आणि त्याला, त्यांनी अडखळत विचारलं, त्याला काय घालायचं?

“त्याला जमिनीची सवय आहे,” गोजराबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघं हसले.

नागोजीरावांनी खिशातून टेप काढला. गाडीच्या दारापासून मोजून चौकोनाचे चार कोपरे त्यांनी खड्यांनी आखले, आणि आखूड खळगा जिथं पडायचा तिथं गादी सरळ केली. माप चुकलं नाही. गोजराबाईंनी उशी ठेवली, झटकून, खोळीच्या सुरकुत्या काढून. अंधार पडायच्या आत ते आत गेले. दार लावताना नागोजीरावांनी कडी घातली नाही.

सकाळ झाली ती पाखरांच्या कलकलाटानं.

गोजराबाई दांडा न धरता पायऱ्या उतरल्या. मागून नागोजीराव.

सगळीकडे दव होतं.

गादी कोरडी होती.

आठ भोकं होती, सहा-सहा कोपऱ्यांची. गवतात लांब खळगा होता, गादीच्या अगदी जवळ सरकलेला.

चर नव्हते. रस्त्यापर्यंतचं गवत सरळ उभं होतं. पात्यापात्यावर पाणी होतं. आज कुणी कुणाला ओढत नेलं नव्हतं.

“ओढलं नाही त्यानं,” नागोजीराव म्हणाले.

गोजराबाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते. त्या गादीशेजारी बसल्या, मांडी घालून, ओल्या गवतात.

कापसाची गादी अंगाचा ठसा लवकर सोडत नाही. कावेरीकाठचा खळगा उताण्या माणसाचा होता, सरळ, लाकडासारखा. आजचा तसा नव्हता. गुडघे पोटाशी घेतलेले होते. एक हात उशीखाली होता. ती बाई दोन वर्षांनी कुशीवर वळली होती.

कुठल्या कुशीवर, ते बघायला नागोजीराव उशीवर वाकले. गालाचा खळगा अजून उबदार होता. तोंड गाडीकडे होतं, गोजराबाई झोपतात त्या खिडकीकडे.