नववा फर्मा

माझी बायको, दॉ सेन न्युं, म्हणते की मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं निम्मं शेजाऱ्याच्या घरी घडलेलं असतं. असेल. पण ही गोष्ट माझ्याच घरची आहे आणि तिचा शिक्क्याचा कागद माझ्या पेटीत आहे.

त्या वर्षी रंगूनमध्ये कागद कोट्यावर मिळत होता. सदतिसाव्या गल्लीत को मौं तोचा छापखाना होता. एका सकाळी तो माझ्याकडे आला, खुर्चीवर मांडी घालून बसला आणि माझाच चहा पीत म्हणाला, "सया, आता कादंबरी नको. लोकांना उपयोगाचं पाहिजे. कपड्यावरचे डाग कसे काढावेत, राग कसा आवरावा."

आमच्याकडे मास्तर, वैद्य, लेखक, मोटार दुरुस्त करणारा, सगळ्यांना सयाच म्हणतात. त्यामुळे या हाकेनं मी फुगलो नाही.

"मला दोन्ही येत नाही," मी म्हणालो.

"ज्याला येतं त्याला लिहायला वेळ कुठे असतो?"

हे मला पटलं. त्याच्याकडे आठ फर्म्यांचा कागद होता. सोळा पानांचा एक फर्मा, फर्म्याला एक प्रकरण, म्हणजे आठ प्रकरणं आणि एकशे अठ्ठावीस पानं. पुस्तकाचं नाव ठेवलं 'हात, घर आणि मन'. एकोणीस दिवसांत लिहून झालं. 'पहाटे उठण्याचे फायदे' हे प्रकरण मी सकाळी साडेदहाला, तोंडसुद्धा न धुता लिहिलं. आठव्या प्रकरणात बसून राहणाऱ्या पाहुण्याला सभ्यपणे उठवायची रीत होती, ती खास मौं तोसाठी. एकशे अठ्ठाविसाव्या पानावरचं शेवटचं वाक्य असं: 'एवढं केलंत की बाकीचं आपोआप होईल.' पुढे काही सुचलं नाही की लेखक हे वाक्य लिहितो. त्याखाली माझा पत्ता आणि 'शंका असल्यास लिहा'.

हस्तलिखिताच्या प्रती सरकारी तपासणी कचेरीत गेल्या, शिक्का मिळाला, हजार प्रती छापल्या.

तिसऱ्या महिन्यात पत्रं यायला लागली. पहिलं प्यिन्मानाच्या रेल्वेतल्या एका सिग्नलवाल्याचं. 'सया, नवव्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे मी अकरा वर्षांनी भावाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं दार उघडलं. उपकार झाले.'

मी हसलो. माणूस भाबडा, मोजायला चुकला असेल. मग दवेच्या एका शाळामास्तरणीचं पत्र आलं. नवव्या प्रकरणामुळे तिला झोप लागायला लागली होती. मग हिंथाडाच्या एका अंडीवाल्याचं. महिन्याभरात चाळीस पत्रं झाली. कुणाचं दुखणं दुसऱ्यासारखं नव्हतं, कुणाला मिळालेला उपायही दुसऱ्यासारखा नव्हता. फक्त त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य ज्यांनी ज्यांनी उतरवून पाठवलं, त्या सगळ्यांचं एकच होतं:

'दाराकडे पाठ करून बसू नका.'

मी हे वाक्य लिहिलेलं नाही. आणि एक सांगतो, लेखकाला हे लागतंच, पहिल्या आठ प्रकरणांबद्दल एकाही माणसानं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

एक्केचाळिसावा लिफाफा तपकिरी होता. तपासणी कचेरीचा. मंजूर प्रतीत नसलेलं एक प्रकरण तुमच्या पुस्तकात वाचकांना सापडत आहे. येत्या गुरुवारी ते प्रकरण घेऊन हजर व्हा, किंवा असं प्रकरण छापलेलंच नाही हे दाखवून द्या.

मौं तोनं कागद दोनदा वाचला. तपासणीशिवाय छापलेला एक फर्मा म्हणजे छापखान्याला कुलूप आणि आम्हा दोघांना इनसेनच्या तुरुंगाची हवा. तो कपाळावरचा घाम कमरेच्या लोंजीच्या टोकानं पुसत म्हणाला, "मी आठच फर्मे छापले, सया. नववा छापायला माझ्याकडे कागद तरी होता का?"

"मग नसलेली गोष्ट दाखवायची कशी?"

"ते तुम्ही लेखक लोक रोज करता की!"

बायको आतून म्हणाली, "पहाटे उठा म्हणावं. पुस्तकात सगळे फायदे दिलेत."

मला एक आशा होती. पुस्तकं रोजानं भाड्यानं देणारी दुकानं नवं पुस्तक आलं की त्याचं पातळ कागदी वेष्टण फाडून टाकतात, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं पुन्हा शिवतात आणि दोन्ही बाजूंना राखाडी पुठ्ठा चिकटवतात. जाड कादंबरी असली तर तिचे चार तुकडे करून चार गिऱ्हाइकांना देतात. या कापाकापीत कुणाचा फर्मा कुणाच्या पोटात जाईल याचा नेम नसतो. एका जुन्या प्रेमकथेत शेवटी मला डुकरांच्या रोगांवरची सोळा पानं मिळाली होती. खरं सांगायचं तर शेवट त्यामुळे सुधारलाच होता. तसंच काहीतरी झालं असणार. तो उपरा फर्मा सापडला की आम्ही सुटलो.

बुधवारी दुपारी मी चिमिंदाईं भागातल्या बाजारामागे दॉ न्वे यीच्या दुकानात गेलो. ही बाई पस्तीस वर्षं पुस्तकं भाड्यानं देते आणि एकही वाचत नाही. हलवायानं मिठाई खाऊ नये, असं तिचं धोरण.

"तुमचं पुस्तक?" ती म्हणाली. "आठ प्रती शिवल्या, सात बाहेर. आठवी ती बघा, बाकावर बसलीय."

बाकावर एक तिशीतली बाई वाचत होती. मांडीवर शिवणाची पिशवी, गालावर वाळलेला थनाखाचा लेप.

"मा एइन्द्रा. परकर शिवते," दॉ न्वे यी हळूच म्हणाली. "घरी न्यायला तयार नसते. इथेच बसून वाचते. आधी बाकाचं तोंड भिंतीकडे होतं. तिनंच फिरवलं."

बाक रस्त्याकडे तोंड करून होता.

मी दोन पावलांवर जाऊन उभा राहिलो. ती शेवटच्या पानावर होती. माझा पत्ता मला ओळखता येत होता. तिनं ते पान उलटलं. पुढे मागचा पुठ्ठा होता, राखाडी, कोरा, त्यावर गोंदाचा एक सुकलेला ओघळ.

ती पुठ्ठा वाचत होती.

तिची नजर डावीकडून उजवीकडे जात होती, पुन्हा डावीकडे येऊन थोडी खाली. तळाशी पोचली की अंगठा कोपऱ्यावर फिरे आणि नजर परत वर. एकदा ती हसली. एकदा तिनं ओठ घट्ट दाबून धरले. मी मोजत राहिलो. सोळा वेळा नजर वर गेली. मग तिनं पुस्तक मिटलं, लांब श्वास सोडला आणि एखाद्याच्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी तशी तिची मान सैल झाली.

"काय लिहिलंय गं त्यात?" मी विचारलं.

"तुम्हीच ना ते सया?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लिहिता तुम्ही आणि विचारता मला? आणि एवढं खासगी लिहिलंत, विचारताना लाज नाही वाटत?"

दॉ न्वे यी फिदीफिदी हसली. मी पुस्तक हातात घेतलं. पानं मोजली. एकशे अठ्ठावीस. शिवण नीट, उपरा कागद एकही नाही. भाड्याच्या पुस्तकाची कडा पाहिली की लोक कुठे रेंगाळले ते कळतं. जिथे जास्त वाचलं जातं तिथे बोटांचा मळ बसतो. माझी आठही प्रकरणं कडेला पांढरीस्वच्छ होती. सगळा मळ मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला होता. खालच्या कोपऱ्यात अंगठ्यांचे ठसे एकावर एक बसून तो भाग काळा आणि गुळगुळीत झाला होता, देवळाच्या उंबऱ्यासारखा.

मी तीच प्रत मागून घेतली.

गुरुवारी मौं तो माझ्याबरोबर कचेरीच्या दारापर्यंत आला. त्याच्या एका खिशात दात घासायचा ब्रश होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही पुस्तकातच लिहिलंय ना, तयारीनं निघावं."

माझ्या आठ प्रकरणांचा तो पहिला वाचक.

साहेबांची खोली लांबट होती. वर पंखा कुरकुरत होता. साहेब साठीला टेकलेले, पोटाचा विकार असावा, कारण समोर कपात नुसतं गरम पाणी. त्यांचं टेबल खिडकीकडे तोंड करून होतं, दाराकडे पाठ. मी वळसा घालून समोर गेलो.

"प्रकरण आणलंत?"

"नाही साहेब. असं प्रकरण नाहीच. ही लोकांच्या हातून फिरलेली प्रत आहे. आपणच मोजा."

त्यांनी बोटाला जीभ लावली आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. सरकारी माणूस मोजतो तसं, प्रत्येक पानावर संशय घेत. शंभर. एकशे वीस. एकशे सत्तावीस. एकशे अठ्ठावीस.

त्यांनी पान उलटलं.

"एकशे एकोणतीस," साहेब म्हणाले.

त्यांचं बोट पुठ्ठ्यावर होतं.

"एकशे तीस. एकशे एकतीस."

मी पुठ्ठ्यावर वाकून पाहिलं. कोरा होता.

एकशे बत्तिसाला त्यांचा आवाज बसला. मग ओठ नुसतेच हलले. मग तेही थांबले.

ते वाचत होते.

पंखा कुरकुरत होता. कपातल्या पाण्याची वाफ थांबली. बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला आल्या, रेंगाळल्या आणि गेल्या.

त्यांनी पुस्तक मिटलं. उठले. स्वतःची जड खुर्ची दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आणली आणि दाराकडे तोंड करून बसले. मी घाईनं बाजूला सरलो.



"लिहायला किती दिवस लागले?" त्यांनी दाराकडे पाहतच विचारलं.

"एकोणीस, साहेब."

"माझ्या आईबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीही नाही."

त्यांनी मान डोलावली. खणातून कागद काढला, लिहिला, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. "यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. जा, सया."

मी जिना उतरलो. मौं तो खाली मोहिंगाच्या, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांच्या, गाडीमागे लपला होता. मला एकट्याला, पोलिसाशिवाय येताना पाहून तो भर रस्त्यात मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग आम्ही दोघांनी तिथेच तीन-तीन वाट्या मोहिंगा हाणला. इतकी चव मला त्याआधी कधी लागली नव्हती. तिसऱ्या वाटीला मौं तो म्हणाला, "सया, आपण लोकांना रीती विकतो. त्यांना रीत नकोच असते बघा. फक्त त्यांच्यासाठी लिहिलेलं पत्र हवं असतं."

"मग ते लिहिलं कोणी?"

"मला विचारू नका. आठ फर्मे छापले, एवढंच मी शपथेवर सांगेन."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी रजा घेतली आणि वरच्या मुलखात आपल्या गावी गेले, असं पुढे ऐकलं. कचेरीकडून पुन्हा कधी लिफाफा आला नाही. घरी येऊन मी तो कागद उलगडून नीट वाचला. पुस्तकाचं नाव, माझं नाव, छापखाना. मंजूर पृष्ठसंख्या: एकशे चव्वेचाळीस.

नऊ फर्मे.

त्या संध्याकाळी आमच्या घरची प्रत शोधली. ती लाफेच्या, म्हणजे मुरवलेल्या चहापत्तीच्या, बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली असे. बायकोनं ते पुस्तक कधी उघडलंही नाही, असं तीच सगळ्या गल्लीला सांगायची. मी मागचं वेष्टण उघडलं. आतल्या कोऱ्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, ठसे. एकाच अंगठ्याचे, पुष्कळदा उमटलेले. मधून एक आडवी रेघ. बायकोच्या अंगठ्याला सुपारी कातरताना लागलेलं, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं.

"अगं," मी म्हणालो, "यात तुला काय दिसतं?"

ती भात वाढत होती. तिनं वळून माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्हाला काही दिसत नाही ना अजून?"

"नाही. कोरं आहे."

"मग बरं आहे. गरज पडली की दिसतं ते," ती म्हणाली, आणि खरंच तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. "चला, जेवून घ्या."

याला आता तेहतीस वर्षं झाली. मौं तोचा छापखाना त्याची मुलगी चालवते. पत्रं अजून येतात. मी अधूनमधून ती प्रत काढून मागचा कोरा भाग बघतो, आणि कोरा दिसला की खुशाल बरणीवर ठेवून देतो. माझ्या लिहायच्या खुर्चीची पाठ पहिल्यापासून दाराकडेच. मला त्याची कधी अडचण वाटली नाही.

परवा सकाळी, चहाच्या आधी, असंच पुस्तक उघडलं. वरच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी होतं. डाग असेल म्हणून बोटानं पुसलं. गेलं नाही. पानाचा आकडा होता. एकशे एकोणतीस.

त्याखाली पाहायच्या आधी मी चष्मा काढून ठेवला. पण खुर्ची तेवढी उचलली आणि फिरवून घेतली.

बायकोनं ते पाहिलं. हातातलं काम खाली ठेवून ती उठली, दारापाशी गेली आणि कडी काढून ठेवली.